कोपऱ्यातलं दार

"बाबा, ही दारं तुमच्याच हातची झाली पाहिजेत! दुसऱ्या कुणाचा हात मी माझ्या स्वयंपाकघराला लावू देणार नाही, सांगून ठेवते!"

असं म्हणून धाकटीने ओट्याखालच्या कपाटाच्या सपाट, पांढऱ्या दारावर थाप मारली, आणि टेबलाशी बसलेल्यांच्या नजरा वडिलांच्या हातांकडे वळल्या... पण ते हात टेबलावर नव्हतेच. ते टेबलाखाली, बोटांत बोटं अडकवून, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घट्ट दाबून धरलेले होते. ते तिथे का आहेत, हे त्या घरात वडिलांखेरीज फक्त एका माणसाला ठाऊक होतं, आणि ते माणूस त्या क्षणी शेगडीपाशी पाठमोरं उभं राहून चहा गाळत होतं.

थोरलीच्या हातातली गाळणी जरा कलली. 'माझं स्वयंपाकघर!' आई गेल्यापासून त्या ओट्याशी उभं राहून जिची पावलं फरशीला ओळखीची झाली, तिच्यासमोर धाकटी अगदी सहज हे बोलून गेली होती, आणि त्यात तिची काही चूकही नव्हती म्हणा! धाकटीच्या नवऱ्याची बदली याच गावी झाली होती, दोघं आता कायमची इथेच राहणार होती, आणि त्या बातमीने खरा आनंद कुणाला झाला असेल तर तो थोरलीलाच. कारण बाबांपाशी आता माणूस असणार होतं... आणि तिला जाता येणार होतं!

होय, जाता येणार होतं. त्याच सकाळी तिने दुसऱ्या शहरातल्या लाकूडकामाच्या शाळेच्या बाईंना फोनवर "येते" म्हणून कळवलं होतं. तो एवढासा शब्द उच्चारताना तिचं अंतःकरण असं काही उचंबळून आलं होतं, की फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ नळ सोडून नुसतीच उभी होती. आज चहा झाला की सगळ्यांना सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. वाक्यही मनात जुळवून ठेवलं होतं.

"बाबा, त्या नुसत्या सपाट दारांवर चौकटीसारखी नक्षीची पट्टी बसवायची," धाकटीचं चालूच होतं. "तुमचे ते कोपरे! माझ्या लग्नातल्या कपाटाचे आहेत ना, तसे... बघणाऱ्याला सांधा सापडत नाही!"

"आमच्या ऑफिसात तर मी सांगूनच टाकलंय," जावयांनी छाती फुगवून भर घातली. जावई माणूस मनाने फार चांगला, पण त्यांच्या पोटात एखादी गोष्ट राहिली तर त्यांना झोप लागत नसे. "म्हटलं, माझे सासरे म्हणजे कोपऱ्यांचे राजे! रविवारी दोन-चार जण जेवायला येतायत. दारं बघायलाच येतायत म्हणा ना!"

थोरलीने मागे वळून पाहिलं. तिचे आणि वडिलांचे डोळे क्षणभर भिडले. 'नाही म्हणा, बाबा,' तिचे डोळे विनवत होते, 'एकदाच नाही म्हणा...'

"करू की!" वडील हसून म्हणाले. "एवढ्याशा दारांचं काय घेऊन बसलीस?"

थोरलीने मनात जुळवलेलं वाक्य चहाबरोबर गिळून टाकलं.

*

घराच्या मागच्या अंगाला एक लांबट खोली होती. तिच्या एकुलत्या एका खिडकीच्या काचांवर कागद चिकटवलेले होते, आणि दाराला आतून कडी होती. 'बाबांना कामात कुणी पाहिलेलं चालत नाही' हा त्या घरातला अलिखित कायदाच होता. मोठ्या कारागिराचा विक्षिप्तपणा म्हणून लोक त्याचं कौतुक करायचे. आत फक्त थोरली जायची... चहा द्यायला, भुसा झाडायला, काही हवं-नको बघायला. निदान सगळ्यांना असंच वाटायचं.

आत खरं काय चालायचं ते त्या भिंतींनाच माहीत! कडी लागली की वडील कोपऱ्यातल्या स्टुलावर बसायचे, मांडीवर लाकडाचा एक ठोकळा घ्यायचे, आणि लाकडी हातोड्याने त्याच्यावर ठोके द्यायचे. टक्... टक् टक्... मग थोडं थांबायचं, जणू माप घेतायत... मग पुन्हा टक् टक्. त्यात त्यांनी अशी हुकमत मिळवली होती, की नुसत्या ठोक्यांवर कुणी मानपत्र देत असतं तर त्यांना ते खात्रीने मिळालं असतं! आणि त्या पोकळ आवाजाच्या आड, दिव्याखाली वाकून, करवत चालवायची ती थोरली.

सुरुवात झाली ती वाचनालयाच्या कपाटांपासून. वडिलांचा उजवा हात तेव्हा प्रथमच थरथरायला लागला होता. कापलेली पट्टी कोपऱ्यात भिडेना, म्हणून ते या खोलीत जमिनीवर बसून लहान मुलासारखे रडले होते. "पोरी, लोकांना कळलं तर मी संपलो गं! एवढं काम तू निभावून ने. एवढंच!" लहानपणापासून त्यांच्या रंध्याखालच्या लाकडाच्या सालींत खेळलेली ती पोर... तिचा हात वडिलांच्याच हातासारखा चालला, आणि त्या 'एवढंच'ला मग अंतच राहिला नाही. धाकटीच्या लग्नापर्यंत एवढंच. तिचं घर स्थिरस्थावर होईपर्यंत एवढंच. लाकडाच्या वखारीतला एक जण थोरलीची वाट बघत होता. त्यानेही बरीच वाट पाहिली, आणि मग तो वाट बघायचा थांबला. त्याला तरी ती काय सांगणार होती?

गेल्या वर्षी शाळेसाठी कपाट करून घ्यायला त्या बाई आल्या, तेव्हा कडी नीट न बसल्यामुळे वाऱ्याने दार उघडलं होतं. बाईंनी एकच क्षण आत पाहिलं. करवत कुणाच्या हातात आहे ते पाहिलं, आणि एक अक्षर न बोलता दार ओढून घेतलं. त्यानंतर त्यांचे फोन येत राहिले. "तुम्ही शिकवायला या. तुमच्या नावाने या," एवढंच त्या म्हणत.

तुमच्या नावाने! या दोन शब्दांनी थोरलीला किती रडवलं होतं, ते तिचं तिलाच ठाऊक.

आता जावयांनी काढून आणलेली दारं भिंतीशी रचून ठेवलेली होती. थोरलीने पहिलं दार टेबलावर आडवं टाकलं, कडेपासून थोडं आत, काटकोन धरायचा गुण्या लावून पेन्सिलीची रेघ मारली, आणि नक्षीची पट्टी त्या रेघेवर धरून तिच्यावरच कापाची खूण केली. फूटपट्टीने मोजून पट्टी कापायची नाही, पट्टी दारालाच विचारायची, ही वडिलांची शिकवण. मग साच्यात धरून टोक तिरपं कापायचं, दुसऱ्या पट्टीचं टोक उलट बाजूने तिरपं, आणि दोघी कोपऱ्यात अशा भेटवायच्या की मध्ये केससुद्धा जाऊ नये. काम दिसायला क्षुल्लक! चार पट्ट्या, चार कोपरे. पण त्यातला एक जरी कोपरा उघडा राहिला, तर सबंध दार दात विचकतं.

"बाबा," ती म्हणाली, "मला काही सांगायचं होतं."

"हळू! धाकटी बाहेरच आहे." टक् टक्.

या खोलीत हळूच बोलायचं असतं. कितीतरी वर्षांत तिने इथे मोठ्याने एक शब्द उच्चारला नव्हता. बोटावर करवत लागली तरी ओठ दाबून घ्यायचे, असं तिच्या अंगवळणीच पडलं होतं.

"मला जायचंय, बाबा," ती कुजबुजली. "त्या शाळेत... शिकवायला. आता धाकटी आहे तुमच्याजवळ. सोमवारी पोचायला हवं."

ठोके थांबले नाहीत. थरथरत्या हाताला हातोड्याचं वजन बरं वाटायचं, म्हणून असेल. पण वडिलांचा चेहरा एकाएकी म्हाताऱ्या माणसाचा झाला.

"जावयांचे साहेब आहेत ना," ते खाली बघत म्हणाले, "त्यांनाही घरची दारं करून हवीत. मी हो म्हटलंय."

"बाबा!"

"काय करू? जावई सगळ्यांदेखत बोलले! तू गेलीस तर मी काय सांगू त्यांना, पोरी? एवढं होऊ दे. एवढं झालं की मग..."

थोरलीने पुढचं ऐकलं नाही. तिने दाराला गोंद लावला, पट्टी बसवली, बारीक खिळे मारले. तिचा हातोडा पडायचा तेव्हा वडील आपला थांबवायचे आणि तो थांबला की पुन्हा उचलायचे. इतक्या वर्षांत त्या दोघांचा हा ताल कधी चुकला नव्हता. खिडकीच्या कागदाची एक कड सुटली होती, तिच्यातून उन्हाची एक बारीक तिरीप टेबलावर पडली होती. दार हलवताना ती तिरीप थोरलीच्या हातावर आली. हे चार कोपरे, हे चार कोपरे आणि पुन्हा हे चार कोपरे... आपण दारांना चौकटी बसवतोय की स्वतःला, असं तिच्या व्याकूळ मनात येऊन गेलं. मग तिने डोळे पुसले आणि पुढचं दार घेतलं.

*

शनिवारी दुपारपर्यंत एक सोडून सगळी दारं झाली. उरलं ते ओट्याच्या कोपऱ्यातलं. ते मात्र जागेवर लावूनच करावं लागतं, कारण तिथे दोन दारं काटकोनात शेजारी येतात. पट्टी जरा कडेला गेली की एक दुसऱ्यात अडकतं आणि मग दोन्ही उघडत नाहीत. थोरलीने त्याच्या पट्ट्या कापून ठेवल्या, आणि सकाळी सगळे उठायच्या आत ते उरकून टाकायचं असं मनाशी ठरवून ती हात धुवायला स्वयंपाकघरात आली. मागे वडिलांचे ठोके चालूच होते.

धाकटी ओट्याशी उभी होती. तिच्या हातात थोरलीचा फोन होता.

"ताई, तुझा फोन वाजत होता, मी घेतला. कुणी बाई होत्या." धाकटीच्या कपाळावर आठ्या होत्या. "म्हणे, सोमवारी तू येणार, तुझी खोली तयार आहे. कसली खोली?"

थोरली नळापाशीच थांबली. "शाळेत... शिकवायचं काम आहे."

"काय शिकवणार तू?"

त्यात टोमणा नव्हता. धाकटीने अगदी प्रामाणिकपणे विचारलं होतं, आणि म्हणूनच ते काळजात रुतलं.

"लाकूडकाम."

धाकटी हसली. पटकन, मोकळेपणाने हसली... आणि मग ताई हसत नाहीये हे पाहून तिचं हसू मावळलं.

"ताई, अगं, बाबांना चहा नेऊन देणं म्हणजे लाकूडकाम का? आणि तू सोमवारी जाणार होतीस? आम्हाला न सांगता? बाबांना या वयात टाकून?" बोलता बोलता तिचा आवाज चढत गेला, डोळे भरून आले. "ऐक जरा! ऐकतेस ना? तो आवाज! या वयात ते माझ्या हौसेसाठी राबतायत! आणि तू... आजवर बोलले नाही मी ताई, पण आज बोलते. नोकरी नाही, संसार नाही, सगळा जन्म तू बाबांच्या जिवावर बसून काढलास. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही. आणि आता त्यांचं थकायचं वय आलं, तर तू बॅग भरतेस?"

टक्... टक् टक्... आतून आवाज येत होता. भिंतीपलीकडे त्यांना शब्दन् शब्द ऐकू जात असणार हे थोरलीला माहीत होतं. ती खोली किती पातळ भिंतीची आहे ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिची नजर त्या दाराकडे गेली. चार पावलं टाकायची, दार ढकलायचं... स्टुलावर बसलेला म्हातारा आणि त्याच्या मांडीवरचा ठोकळा, एवढंच धाकटीला दिसू द्यायचं. शब्दही उच्चारायला नको होता!

तिने पाऊल उचललंही. आणि मग तिच्या डोळ्यांपुढे ते टेबलाखाली गुडघ्यांत दाबून धरलेले हात आले.

'नको. माझं जे जायचं ते गेलंय. त्यांचं नाव तरी राहू दे...'

तिने धाकटीच्या हातून फोन घेतला. नंबर लावला. तिच्या नखांत गोंद वाळलेला होता. तो धाकटीला दिसत होता, पण कळत नव्हता.

"बाई, मी बोलतेय. मला जमणार नाही. नाही... कधीच नाही. माझ्यासाठी जागा अडवून ठेवू नका."

आतला आवाज थांबला.

"बाबा? का हो थांबलात?" धाकटीने डोळे पुसत हाक मारली.

त्या दिवशी पुन्हा ठोके ऐकूच आले नाहीत. संध्याकाळी वडील जेवायला बसले ते हात टेबलावर ठेवून. थरथरणाऱ्या त्या हातांकडे ते परक्याच्या हातांकडे बघावं तसे बघत होते. "दमलेत बिचारे," धाकटी नवऱ्याच्या कानात पुटपुटली.

*

रविवारी पहाटेच थोरली उठली, पण स्वयंपाकघरात तिच्याआधी वडील येऊन बसले होते. कोपऱ्यातल्या दारासमोर पाट टाकून, शेजारी करवत, साचा, गोंद आणि खिळे मांडून ते वाट बघत बसावं तसे बसले होते. तिने कापून ठेवलेल्या पट्ट्या ओट्यावर तशाच होत्या. वडिलांच्या मांडीवर एक नवी, न कापलेली पट्टी होती.

"बाबा, उठा. मी पटकन करून टाकते."

"हे दार माझं आहे," ते म्हणाले. "पाहुणे आले की करीन."

तिने विनवलं, पाट ओढून पाहिला, शेवटी डोळे वटारूनही पाहिले. म्हातारा हलला नाही! धाकटी उठली आणि आनंदाने टाळ्याच वाजवायची बाकी राहिली. बाबा आज सगळ्यांसमोर काम करणार! जावयांनी खुर्च्या मांडल्या. ऑफिसातले दोघं-तिघं आले, इतर दारांवरून बोटं फिरवून त्यांनी "वा! वा!" केलं, आणि मग नाटकाचा पडदा वर जायची वाट बघावी तसे सगळे गप्प बसले. थोरली भिंतीला टेकून उभी होती.

वडिलांनी पट्टी दारावर धरली. पट्टी हलली. खुणेची रेघ मारताना पेन्सिल दोनदा घसरली. जावई हसून म्हणाले, "बाबा आज जरा उत्साहात आहेत." वडिलांनी पट्टी साच्यात घातली आणि करवत उचलली... आणि मग त्या हाताचं थरथरणं कुणापासूनच लपून राहिलं नाही. करवत साच्यातून उडाली, पुन्हा बसवली, पुन्हा उडाली. लाकूड कुरतडल्यासारखं कापलं गेलं. कुणी खुर्चीत चुळबुळ केली. धाकटीचा हात आपोआप तोंडावर गेला.

"बाबा, पुरे!" थोरली पुढे झाली. "पुरे ना! मी हात जोडते!"

"थांब तिथेच," ते म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

त्यांनी चारही पट्ट्या कापल्या. चारही बसवल्या. एक खिळा वाकडा गेला, एक त्यांच्या अंगठ्यावर बसता बसता राहिला. शेवटी ते मागे सरकले तेव्हा दारावर एक वेडीवाकडी चौकट उभी होती, आणि तिच्या वरच्या कोपऱ्यात दोन पट्ट्यांच्या मध्ये बोटाचं पेर जाईल एवढी फट होती.

"बघितलंत?" वडील म्हणाले. "आता बाकीची दारं बघा. आणि मला सांगा, ही एका हातची आहेत का?"

"बाबा, तुम्ही दमलात, आज..." जावई सावरायला गेले.

"जावईबापू, जरा बोलू द्या मला. पुन्हा धीर होईल न होईल." ते वळले ते धाकटीकडे. "छोटे, माझा हात तुझ्या लग्नाच्या आधीच गेला. वाचनालयाची कपाटं, शाळेचं कपाट, ही दारं... हे सगळं तुझ्या ताईने केलंय. मी आत बसून ठोकळा ठोकत होतो. ज्याला तू माझा आवाज म्हणतेस ना, तो त्या ठोकळ्याचा आवाज. आणि तुझ्या लग्नातलं कपाट... तेही तिचंच."

धाकटीचा चेहरा पांढराफटक पडला.

"ते कपाट?" ती म्हणाली. "मी सासरी गेल्यावर... किती रात्री मी त्याच्या कोपऱ्यावर बोट फिरवून रडलेय! म्हणायचे, बाबा इथे आहेत, बाबांचा हात इथे आहे..." ती वळली. तिने थोरलीचे दोन्ही हात ओढून घेतले, नखांतला वाळका गोंद पाहिला, बोटांवरचे जुने, पांढरे पडलेले व्रण पाहिले. जणू ते हात ती जन्मात पहिल्यांदाच बघत होती! "तू होतीस... ताई, ती तू होतीस! आणि काल मी तुला काय काय बोलले! तू बोलली का नाहीस गं?"

"कुठे बोलू?" थोरलीचा आवाज चिरकला. "त्या खोलीत हळू बोलायचं असतं, छोटे! बाहेर तर बोलायचंच नसतं!"

आणि मग इतक्या वर्षांचा बांध फुटला. पण आधी आसवं आली नाहीत, संताप आला. ती वडिलांकडे वळली, आणि घराने कधी ऐकला नव्हता अशा मोठ्या आवाजात ओरडली, "आज सांगितलंत? आज? काल का नाही उठलात, बाबा? ती मला ऐतखाऊ म्हणत होती, तुम्ही शब्दन् शब्द ऐकत होतात... ऐकत होतात आणि ठोकत होतात!"

पाहुणे हळूच उठून बाहेरच्या खोलीत गेले. जावयांनाही आयुष्यात पहिल्यांदा बोलायला काही सुचलं नाही, तेही त्यांच्या मागोमाग गेले.

"ठोकत होतो," वडील म्हणाले. ते अजून पाटावरच होते. "तू 'जमणार नाही' म्हणेपर्यंत ठोकत होतो. भित्रा माणूस आहे मी, पोरी. लोक वा वा म्हणायचे आणि मला वाटायचं, उद्या सांगू... पण तू ते 'कधीच नाही' म्हणालीस ना, तेव्हा हातोडा उचलेचना गं! वाटलं, हिला मी जिवंतपणी कडी लावली... माझ्या पोटच्या पोरीला..." त्यांनी ते दोन्ही हात पुढे केले. थरथरत होते, आणि आता ते लपवायची त्यांना गरज उरली नव्हती.

थोरलीने पुष्कळ वेळ ते हात धरले नाहीत. ती नुसती बघत राहिली. मग ती त्यांच्यासमोर खाली बसली, तिने वडिलांच्या मांडीवर कपाळ टेकलं आणि ती हुंदके देऊन रडली... मोठ्याने, घरभर ऐकू जाईल अशी रडली. कुणी तिला 'हळू' म्हटलं नाही.

धाकटीने ओट्यावरचा फोन उचलला. तिला नंबर सापडेपर्यंत डोळे दोनदा पुसावे लागले.

"बाई? मी... काल फोन मी घेतला होता. मी तिची धाकटी बहीण." "ती येतेय. उद्या येतेय. ती खोली दुसऱ्या कुणाला देऊ नका हो! काल ती जे म्हणाली ते... ते माझ्यामुळे म्हणाली. नाही, बाबांचं आता मी बघेन. हो, हो, दारावरची पाटी आधी करून ठेवली तरी चालेल. तिच्या नावाची!"

थोरली उठली तेव्हा तिचं लक्ष सवयीने त्या दाराकडे गेलं. तिने ते ओढून पाहिलं. शेजारच्या दारात ते अडकत नव्हतं, एवढं तरी म्हाताऱ्याने सांभाळलं होतं! मग वरच्या कोपऱ्यातली ती फट तिला बघवेना. तिने वाटीत भुसा आणि गोंद कालवला, बोटावर घेतला, आणि फटीशी नेला. आजवर वडिलांचा प्रत्येक दोष तिने असाच बुजवला होता.

वडिलांनी तिचं मनगट धरलं.

"राहू दे," ते म्हणाले. "तो कोपरा माझा आहे."

सोमवारी सकाळी ती निघाली. सगळी आवराआवर करून बघितलं तर बॅगेत कपड्यांपेक्षा हत्यारंच जास्त होती. मागच्या खोलीच्या खिडकीवरचे कागद धाकटीने काढून टाकले होते आणि वडील तिथे, उघड्या दारात, हात मांडीवर मोकळे सोडून उन्हाला बसले होते. गाडी वळणावर गेल्यावर थोरलीला एकदम आठवलं, की आज आपण रोजच्यासारखा बाबांच्या पायाखाली पाट सरकवायला विसरलो, आणि मग हेही आठवलं, की तो आता धाकटी सरकवेल.

ती दारं अजून तशीच आहेत. नवखं माणूस घरात आलं की आधी त्या गुळगुळीत चौकटींचं कौतुक करतं, मग कोपऱ्याशी येऊन थबकतं, आणि हे एकच दार असं का, दुरुस्त का नाही करून घेतलं, असं हमखास विचारतं.

"त्याला हात लावायचा नाही," धाकटी चहा गाळता गाळता सांगते. "बाकीची सगळी माझ्या ताईची आहेत. तेवढं एक बाबांच्या हातचं आहे."